सर्चचा सर्व्हर मेमरी का खातो, आणि शोध कुठून सुरू करायचा

जून महिन्यात, शाळा सुरू होण्याच्या आठवड्यात, पुस्तकविक्रीच्या एका साइटवरचा सर्च रोज दुपारी बंद पडायचा. तिथल्या सर्व्हरचं काम तेव्हा माझ्याकडे होतं. सर्चसाठी इलास्टिकसर्च, तीन मशीन, प्रत्येकावर 16 जीबी रॅम. दोन वाजायच्या सुमाराला कोणी ‘पाचवी गणित’ टाइप केलं की चाक नुसतं फिरत राहायचं आणि ऑफिसात फोन सुरू व्हायचे. आम्ही सर्व्हिस रीस्टार्ट करायचो, दोन-तीन मिनिटांत सगळं सुरळीत व्हायचं, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा तेच.

चार दिवसांनी सगळ्यांचं एकमत झालं की रॅम कमी पडतेय, वाढवून टाका. ती वाढवली असती तर सर्च दोनऐवजी संध्याकाळी पाचला पडला असता, एवढाच फरक. कारण ‘मेमरी फुल झाली’ या एकाच वाक्याखाली तीन-चार वेगवेगळी दुखणी असतात आणि प्रत्येकाचं औषध निराळं असतं. म्हणून पहिला प्रश्न हा विचारायचा: भरलीय ती नेमकी कोणाची मेमरी?

हे समजायला सर्चचं इंजिन आतून कसं चालतं ते थोडक्यात पाहू. अभ्यासाच्या जाड पुस्तकाच्या शेवटी शब्दसूची असते: ‘सिंचन – 14, 87, 203’. सर्च इंजिन अशीच सूची, म्हणजे इंडेक्स, बनवतं, फक्त पानांच्या जागी दस्तऐवजांचे क्रमांक असतात. ही सूची बनवणारं ल्युसीन नावाचं सॉफ्टवेअर डग कटिंग यांनी 1999 मध्ये जावा भाषेत लिहिलं. 2010 मध्ये शाय बॅनन यांनी त्यावर इलास्टिकसर्च उभारलं. सोलर हे दुसरं सर्च सॉफ्टवेअरही ल्युसीनवरच चालतं, आणि 2021 मध्ये इलास्टिकसर्चमधून फुटून निघालेलं ओपनसर्चही. त्यामुळे इथे मी इलास्टिकसर्चचं बोलत असलो तरी बरंचसं तिन्हींना लागू आहे.

जावाचा प्रोग्राम सुरू होताना स्वतःसाठी रॅमचा एक तुकडा राखून ठेवतो. त्याला हीप म्हणतात. चालू क्वेरी (म्हणजे शोधाच्या मागण्या), त्यांचे अर्धवट निकाल, काही कॅश (पुन्हा लागेल म्हणून जवळ ठेवलेला डेटा), सगळ्या इंडेक्सची माहिती, हे सगळं हीपमध्ये राहतं. शब्दसूचीच्या फायली मात्र डिस्कवर असतात. ल्युसीन त्या मेमरी-मॅप करून वाचतं, म्हणजे फायलीचा जो भाग लागेल तो रॅममध्ये आणून ठेवायचं काम ऑपरेटिंग सिस्टिमवर सोपवतं. लिनक्स मोकळ्या रॅममध्ये अशा फायलींची पानं साठवतं. हा पेज कॅश. सर्च वेगवान असतो तो बराचसा याच्या जिवावर.

आता सर्व्हरवर ‘फ्री’ ही कमांड चालवा. आमच्याकडे ‘फ्री’च्या रकान्यात जेमतेम 300 एमबी दिसायचे आणि बघणाऱ्याच्या पोटात गोळा यायचा. पण शेजारच्या ‘अव्हेलेबल’ रकान्यात पाच जीबीच्या वर आकडा होता. पेज कॅशने घेतलेली रॅम दुसऱ्या कोणाला लागली की लिनक्स ती लगेच सोडतं, म्हणून बघायचा तो अव्हेलेबलचा आकडा. सर्चच्या मशीनवर फ्री जवळपास शून्य असणं हे तब्येत ठणठणीत असल्याचं लक्षण आहे. ‘टॉप’मधल्या व्हर्च्युअलच्या रकान्याचंही तसंच. मॅप केलेल्या सगळ्या फायली त्यात मोजल्या जातात, त्यामुळे 16 जीबीच्या मशीनवर तिथे 60 जीबी दिसू शकतात. तो आकडा पाहून कोणी नवीन मशीनची मागणी केली तर जरा थांबवा.

रॅम बाहेरून भरल्यासारखी दिसणं हे पहिलं दुखणं, आणि बहुतेक वेळा ते दुखणंच नसतं. दुसरं म्हणजे हीप खरोखर भरणं. तिसरं, मशीनची किंवा कंटेनरची (मशीनमध्ये प्रोग्रामला आखून दिलेल्या कप्प्याची) रॅम खरोखर संपणं आणि लिनक्सने प्रोग्राम मारून टाकणं. दुसरं आणि तिसरं ओळखायची खूण सोपी आहे. जावाची हीप संपली तर इलास्टिकसर्चच्या लॉगमध्ये ‘आउट ऑफ मेमरी एरर’ असं जावाच्या शब्दांत लिहिलेलं सापडतं. लिनक्सने मारलं तर इलास्टिकसर्चचा लॉग मधेच तुटतो, कसलाही शेवटचा शब्द नाही, आणि कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, लॉगमध्ये ‘किल्ड प्रोसेस’ दिसतं. कंटेनर असेल तर तो 137 हा कोड देऊन बंद होतो. हा 128 अधिक 9 आहे. 9 हा जबरदस्तीने बंद करायच्या सिग्नलचा क्रमांक.

कंटेनरच्या बाबतीत एक चूक फार जणांकडून होते: कंटेनरला 8 जीबीची मर्यादा आणि हीपलाही जवळजवळ तेवढीच. जावाला हीपच्या बाहेरही रॅम लागते. प्रत्येक थ्रेडचा स्टॅक लिनक्सवर सहसा 1 एमबीचा. नेटवर्कवरून येणाऱ्या-जाणाऱ्या डेटाचे बफर वेगळे, क्लासची माहिती वेगळी. हे सगळं मिळून मर्यादा ओलांडली की प्रोग्राम मारला जातो, आणि हीपचा आलेख मात्र शेवटपर्यंत शांत दिसतो. हीप मशीनच्या किंवा कंटेनरच्या रॅमच्या निम्म्याहून जास्त असू नये, हा इलास्टिकसर्चचा जुना नियम. उरलेलं निम्मं जावाच्या इतर गरजांना आणि पेज कॅशला. 7.11 या आवृत्तीपासून हा हिशोब ते स्वतःच करतं, पण कोणीतरी जुन्या फायलीत हाताने आकडा लिहून ठेवलेला असतो. तो आधी शोधा.

मोठ्या मशीनवर आणखी एक मर्यादा येते, ती 32 जीबीच्या अलीकडची. हीपमधली वस्तू 8 बाइटच्या घरांमध्ये बसतात. पत्ता म्हणून घराचा नुसता क्रमांक लिहिला तर तो 4 बाइटमध्ये मावतो, आणि 4 बाइटमध्ये सुमारे 430 कोटी क्रमांक बसतात. गुणिले 8 केलं की झाले 32 जीबी. हीप त्यापुढे गेली की जावाला प्रत्येक पत्ता 8 बाइटचा लिहावा लागतो. म्हणजे हीप 31 वरून 35 जीबी केली तर प्रत्यक्षात पूर्वीपेक्षा कमी सामान बसू शकतं. इलास्टिकसर्चवाले 26 जीबीपर्यंत बहुतेक ठिकाणी निर्धोक मानतात, काही मशीनवर 30 पर्यंत जाता येतं. सुरू होतानाच्या लॉगमध्ये ‘कॉम्प्रेस्ड’ पॉइंटर चालू आहेत की नाहीत ते लिहिलेलं असतं.

आता हीपकडे वळू. तिचा आलेख करवतीच्या दात्यांसारखा असतो. क्वेरी येतात तशी हीप भरत जाते, मग गार्बेज कलेक्शन होतं, म्हणजे वापरून झालेल्या वस्तू उचलल्या जातात, आणि रेघ धाडकन खाली येते. पुन्हा चढते, पुन्हा उतरते. पुष्कळ लोक दात्याचं टोक बघून घाबरतात. टोकात काही नाही. दाता खाली कुठे टेकतो ते पाहा. सफाई झाल्यावरही जे शिल्लक उरतं ते कोणीतरी धरून ठेवलेलं असतं. हा तळ दिवसभर एकाच उंचीवर राहिला तर हीप निरोगी आहे. तळच वर सरकत असेल तर धरून ठेवणारा कोण ते शोधायचं.

आमची हीप 8 जीबीची होती. रीस्टार्टनंतर तळ अडीच जीबीवर असायचा, बारा वाजता साडेचारवर, दोनच्या आधी साडेपाचच्या वर. दुपारच्या गर्दीला उरायचे जेमतेम दोन-सव्वादोन जीबी. हीप 95 टक्क्यांवर गेली की इलास्टिकसर्चचा मुख्य सर्किट ब्रेकर नवीन विनंत्या नाकारतो, घरातला एमसीबी पडावा तसा. आमच्यासाठी तो आकडा 7.6 जीबी. लॉगमध्ये ‘डेटा टू लार्ज’ आणि 429 हा नकाराचा कोड यायला लागले की समजायचं ब्रेकर पडतोय. त्याला शिव्या देऊ नका आणि त्याची मर्यादा वाढवू तर अजिबात नका. त्याच्यामुळे एक क्वेरी नापास होते, तो नसता तर अख्खा नोड, म्हणजे त्या तीनपैकी एक मशीन, गेला असता. हीप अशी काठोकाठ असली की सफाई पुन्हा पुन्हा आणि लांबत चालते, काही वेळा त्या काळात बाकी सगळं थांबतं. हा खोळंबा फार लांबला तर क्लस्टरमधले, म्हणजे मशीनच्या त्या गटातले, इतर नोड त्याला गेलेला समजतात, त्याचे शार्ड, म्हणजे इंडेक्सचे मशीनमध्ये वाटलेले भाग, दुसरीकडे हलवू लागतात आणि तो भार मग त्यांच्या डोक्यावर येतो.

तळ कोणी धरलाय हे इलास्टिकसर्चला विचारता येतं. ‘नोड्स स्टॅट्स’मध्ये प्रत्येक कॅशचा आणि ब्रेकरचा आकडा मिळतो. आमच्याकडे क्वेरी कॅश आपल्या 10 टक्क्यांच्या हद्दीत होती, रिक्वेस्ट कॅश एका टक्क्यात. फील्डडेटाच्या पुढे मात्र तीन जीबी लिहिले होते.

फील्डडेटा म्हणजे काय? शब्दसूचीला ‘सिंचन कुठे आहे?’ हे विचारता येतं. ‘87 क्रमांकाच्या दस्तऐवजात कोणकोणते शब्द आहेत?’ हा उलटा प्रश्न तिला झेपत नाही. निकालांचा क्रम लावायला किंवा मोजदाद करायला तर नेमका तोच लागतो. कीवर्ड (न तोडता अख्खा साठवलेला मजकूर), तारीख, आकडे अशा फील्डसाठी, म्हणजे दस्तऐवजातल्या नोंदीच्या जागांसाठी, इलास्टिकसर्च हे उत्तर आधीच डिस्कवर रकान्यांत मांडून ठेवतं, त्याला डॉक व्हॅल्यूज म्हणतात. टेक्स्ट प्रकारच्या फील्डसाठी, जिथे मजकूर शब्दाशब्दांत तोडला जातो, तशी सोय नाही. तिथे अख्खी सूची उलटी करून हीपमध्ये भरावी लागते. ही झाली फील्डडेटा. एकदा भरली की ती सूचीचा तो तुकडा, म्हणजे सेगमेंट, असेपर्यंत तिथेच बसून राहते. हे इतकं महाग आहे की 5.0 पासून टेक्स्ट फील्डवर ती मुळातच बंद ठेवलेली असते.

आमच्याकडे ती कोणीतरी चालू केली होती, आणि का ते मला कळतं. टेक्स्ट फील्डवर क्रम लावायला गेलं की जुन्या आवृत्त्यांमधला एररचा संदेशच सांगायचा की फील्डडेटा चालू करा. मेमरी बरीच लागेल आणि कीवर्ड वापरणं बरं, हे त्याच संदेशात पुढे होतं. घाईतला माणूस पहिलं वाक्य वाचतो आणि करून मोकळा होतो. पुढच्या आवृत्त्यांत हा संदेश बदलला आणि कीवर्डचा सल्ला आधी आला. एका वाक्याची जागा बदलल्याने किती जणांच्या दुपारी वाचल्या असतील!

तीन फील्डवर ती चालू होती: शीर्षक, लेखक आणि पुस्तकाचं वर्णन. खरी अडचण वर्णनाची होती. प्रकाशकाच्या पानावर ‘या पुस्तकांतले नेहमीचे शब्द’ अशी एक चौकट होती, आणि ती वर्णनातल्या शब्दांची मोजदाद करायची. मराठीत एका नामाची किती रूपं होतात ते पाहा: पुस्तक, पुस्तकात, पुस्तकाचा, पुस्तकांमधून, पुस्तकातल्या. शब्द मुळापर्यंत छाटायची सोय केलेली नसेल तर सूचीच्या दृष्टीने हे पाच वेगळे शब्द. शिवाय यूटीएफ-8 या अक्षरं साठवायच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह 3 बाइट घेतं. ‘पुस्तकातल्या’ या शब्दात काने, उकार आणि हलन्त धरून 12 चिन्हं आहेत, म्हणजे 36 बाइट. रोमन लिपीतला 12 अक्षरांचा शब्द 12 बाइटमध्ये बसतो. मराठी मजकुराच्या टेक्स्ट फील्डवर फील्डडेटा चालू केली की म्हणूनच ती दुप्पट वेगाने अंगावर येते: शब्दही जास्त, आणि प्रत्येक शब्द लांब.

पाचव्या दिवशी दोनला दहा मिनिटं कमी असताना आम्ही रीस्टार्ट केलं नाही. फक्त फील्डडेटाची कॅश रिकामी करायची कमांड दिली. पुढच्या सफाईनंतर आलेखातला तळ साडेपाचच्या वरून अडीचवर आला, आणि सर्च चालू राहिला. दोषी कोण हे ठरवायची ही परीक्षा मला अजूनही सगळ्यात भरवशाची वाटते: संशय असेल तेवढंच एक बाजूला काढायचं आणि तळ हलतो का ते बघायचं. रीस्टार्टमध्ये सगळंच पुसलं जातं, पुरावाही.

दुरुस्तीतही एक शिकण्यासारखी गोष्ट निघाली. टेक्स्ट फील्डवर लावलेला क्रम तसाही चुकीचा होता. चार शब्दांच्या शीर्षकातला वर्णानुक्रमे जो शब्द सगळ्यात आधी येईल तोच क्रमासाठी धरला जातो, मग तो शीर्षकात शेवटी का असेना. शीर्षकाला कीवर्डचं उपफील्ड दिलं, मेमरी डिस्कच्या रकान्यांत गेली, पण अकारविल्हे यादी तरी बिनसलेलीच. कारण साधा कीवर्ड युनिकोडच्या क्रमाने लावतो, आणि युनिकोडमध्ये ळ हा ल आणि व यांच्या मधे आहे. आपल्या वर्णमालेत तो ह च्या नंतर, त्यापुढे क्ष आणि ज्ञ. यावर आयसीयू प्लगइनमधलं कोलेशनचं, म्हणजे त्या त्या भाषेच्या क्रमाने लावणारं, फील्ड घ्यावं लागतं आणि त्याला भाषा मराठी सांगावी लागते. तेही डॉक व्हॅल्यूज वापरतं, त्यामुळे हीपला त्रास नाही. नवं उपफील्ड जोडलं तरी जुन्या दस्तऐवजांना ते आपोआप मिळत नाही, सगळं पुन्हा इंडेक्स करावं लागतं, तेव्हा हे रात्री करा. शब्दांच्या चौकटीची मोजदाद आम्ही रोज पहाटे एकदाच करून साठवायला लागलो आणि तिन्ही फील्डवरची फील्डडेटा बंद केली.

सगळीकडे फील्डडेटाच असते असं नाही. तळ स्थिर आहे आणि मधेच एखादा दाता एकदम आभाळाला भिडतो, असं दिसलं तर एखादी जड क्वेरी शोधा. नेहमीचं उदाहरण म्हणजे खोल पान. 9,990 निकाल सोडून पुढचे 10 मागितले आणि इंडेक्सचे 5 शार्ड असले, तर प्रत्येक शार्ड 10,000 नोंदी पाठवतो, आणि 50,000 नोंदींचा क्रम लावून त्यातल्या 10 दाखवल्या जातात. इलास्टिकसर्च मुळात 10,000 च्या पुढे जाऊ देत नाही ते यासाठीच. ती मर्यादा वाढवलेली आढळली तर मागे आणा आणि ‘सर्च आफ्टर’ वापरा, त्यात शेवटच्या निकालापासून पुढे मागता येतं. दुसरं उदाहरण, एकात एक घातलेल्या मोजण्या. वेगळ्या ग्राहकांची अंदाजे संख्या काढणाऱ्या एका मोजणीला नेहमीच्या सेटिंगवर 24 केबीपर्यंत जागा लागते. किरकोळ वाटतं. पण ती 10,000 लेखकांसाठी प्रत्येकी लावली की झाले 240 एमबी, आणि तेही एकाच विनंतीसाठी. अशा क्वेरी ‘टास्क्स’मध्ये चालू असताना पकडता येतात, नंतर स्लो लॉगमध्ये, म्हणजे संथ क्वेरींच्या नोंदवहीत.

आणि रीस्टार्ट केल्या केल्याच तळ उंच असेल, क्वेरी यायच्या आधीच, तर शार्ड मोजा. प्रत्येक शार्ड आणि प्रत्येक फील्ड हीपमध्ये थोडी जागा खातं, रिकामं असलं तरी. 7.0 च्या आधी नवीन इंडेक्सला आपोआप 5 शार्ड मिळायचे, प्रतींसह 10. लॉगसाठी रोज एक इंडेक्स बनवला तर वर्षाला 3,650 शार्ड, आणि डेटा कदाचित मूठभर. शार्ड 10 ते 50 जीबीचा असावा असं इलास्टिकसर्चवाले सांगतात. रोजचे इंडेक्स महिन्याचे करा, जुने एकत्र करा किंवा काढून टाका. फील्डही मोजा. ग्राहकाने भरलेला प्रत्येक रकाना आपोआप नवीन फील्ड बनत असेल तर ती यादी हजारापर्यंत पोचायला वेळ लागत नाही, आणि हजार ही एका इंडेक्सची नेहमीची मर्यादा आहे.

एवढं करूनही धरून ठेवणारा सापडला नाही, तर शेवटी हीप डंप घ्यायचा. म्हणजे हीपमध्ये त्या क्षणी जे जे आहे त्याची फाइल. ती एक्लिप्सच्या मेमरी ॲनालायझरमध्ये उघडली की कोणत्या वस्तूने किती जागा अडवलीय याची उतरत्या क्रमाने यादी मिळते. घ्यायच्या आधी दोन गोष्टी बघा. फाइल साधारण हीपएवढी मोठी होऊ शकते, म्हणून डिस्कवर तेवढी जागा हवी, आणि ती लिहिली जात असताना नोड थांबतो, म्हणून तो आधी कामातून बाजूला काढा. त्या फाइलमध्ये लोकांनी त्या क्षणी काय काय शोधलं ते जसंच्या तसं असतं. कोणी मूल दत्तक घेण्याबद्दलचं पुस्तक शोधलं असेल, कोणी एखाद्या आजाराबद्दलचं. ती मेलने किंवा ग्रुपवर कोणाला पाठवू नका, सर्व्हरवरच उघडा, आणि काम झालं की त्याच दिवशी पुसून टाका.